पाण्यावरील उडी

पश्चिम रेल्वेने विरारहून डहाणूकडे निघाले म्हणजे पालघर मागे पडताच एक लहानसे स्टेशन लागते. त्याचे नाव उमरोळी. त्यापुढचे स्टेशन बोईसर. लांब पल्ल्याच्या गाड्या उमरोळीस न थांबताच धडधडत निघून जातात आणि त्यांतील उतारूंना हे गाव क्षणभरच दिसते. पण आषाढ-श्रावणात तो एक क्षणही डोळे निववील असा असतो. भाताची खाचरे पाण्याने तुडुंब भरलेली असतात. बांधांवर गवत माजलेले असते. डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या बायाबापड्या ओणव्या होऊन आवणीच्या कामात गढून गेलेल्या असतात आणि मधूनमधून एखादा उंच ताड पावसात निमूटपणे उभा असतो.

या दिवसांत शेतावरून जाणारी वाट सरळ राहत नाही. काल कोरडी असलेली चर आज वाहू लागते. बांध फोडून पाणी वाटेवर येते आणि लहानसा ओहोळ तयार होतो. शाळेला निघालेली मुले त्याच्या काठाशी येऊन थबकतात. त्यांतील एखादा मोठा मुलगा दप्तर पाठीशी घट्ट बांधतो, चार पावले मागे सरतो, पाण्याकडे पाहून अंतराचा अदमास घेतो आणि धावत येऊन बांधाच्या दगडावर एक पाय रोवतो. पुढच्या क्षणी तो हवेत असतो. त्याचा दुसरा पाय पलीकडच्या काठाशी, जेथे पाणी जेमतेम घोटाभर असते, तेथे पडतो आणि लगेच पुढचे पाऊल कोरड्या जमिनीवर येते. त्याच्या मागून येणारा मात्र घाई करतो. अदमास न घेताच तो उडी टाकतो आणि ओहोळाच्या मध्यभागी गुडघाभर पाण्यात उतरतो. एक चप्पल चिखलात रुतते, दप्तर भिजते आणि सोबत्यांच्या हशात त्याला काठ चढून वर यावे लागते.

उमरोळीच्या अशा मुलास जर ऑलिंपिक सामन्यांतील तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत दाखविली, तर तो चकितच होईल. तेथे ना शेत, ना पाऊस, ना बांध. लाल रंगाचा सपाट, आखीव धावमार्ग. आणि त्या सुंदर धावमार्गाच्या कडेला, अडथळ्याच्या पलीकडे, मुद्दाम खणलेला आणि मुद्दाम पाण्याने भरलेला एक खड्डा! जगातील उत्तमोत्तम धावपटू एकामागून एक येतात, अडथळ्यावर पाय ठेवून उडी घेतात, पाणी उडवितात आणि ओल्या बुटांनिशी पुढे धावू लागतात. तो मुलगा साहजिकच विचारील, “आमच्या वाटेवर पाणी आपोआप येते, म्हणून आम्ही उड्या मारतो. येथे तर वाट कोरडी होती. मग हे पाणी कशासाठी?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस प्रथम या शर्यतीचा इतिहास पाहिला पाहिजे.

या शर्यतीस इंग्रजीत ‘स्टीपलचेस’ म्हणतात. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. आपल्याकडे ज्याप्रमाणे देवळाचा कळस दुरून दिसताच गाव जवळ आल्याचे वाटसरूस कळते, त्याप्रमाणे आयर्लंड-इंग्लंडातील खेड्यांत चर्चचा मनोरा दुरून दिसे. असे सांगतात, की १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी घोडदौडीची पैज लावली. बटेव्हंट गावच्या चर्चपासून निघावयाचे आणि डोनरेल गावच्या चर्चचा मनोरा नजरेसमोर ठेवून तेथे प्रथम पोहोचावयाचे. अंतर सुमारे साडेचार मैल. रस्ता धरावयाचा नाही. मनोऱ्याच्या रोखाने सरळ दौडावयाचे. मग वाटेत दगडी गडगा आला, कुंपण आले, ओढा आला, तर तो ओलांडणे भागच होते. मनोऱ्याच्या मागे लागून धावण्याची ही रीत, म्हणून तिचे नाव ‘स्टीपलचेस’.

पुढे माणसांनीही हा खेळ उचलला. १८५० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी घोड्यांऐवजी आपल्याच पायांनी सुमारे दोन मैलांची अशी शर्यत शेतावाटे धावून पाहिली. हळूहळू ही शर्यत उघड्या रानातून क्रीडांगणात आली. रानातील गडगे आणि कुंपणे यांची जागा लाकडी अडथळ्यांनी घेतली. आणि वाटेत आडवा येणारा ओढा पाण्याच्या खड्ड्याच्या रूपाने क्रीडांगणात येऊन बसला. तेव्हा उमरोळीच्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की क्रीडांगणातील तो खड्डा म्हणजे त्याच्या वाटेवरच्या ओहोळाचाच दूरचा भाऊ आहे. ज्या शेतांतून हा खेळ जन्मास आला, त्या शेतांची ती आठवण आहे.

पण एवढ्याने मनाचे समाधान होत नाही. केवळ आठवण म्हणून कोणी एवढा खटाटोप शंभर-सव्वाशे वर्षे चालू ठेवील काय? या शर्यतीतील इतर कित्येक गोष्टी काळाबरोबर बदलल्या. १९०० मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत अशा दोन शर्यती झाल्या, एक अडीच हजार मीटरची आणि दुसरी चार हजार मीटरची. १९०८ मध्ये लंडनला हे अंतर तीन हजार दोनशे मीटर होते. १९२० पासून ते तीन हजार मीटर ठरले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे तर पंचांच्या मोजणीत चूक होऊन धावपटूंना एक फेरी अधिक धावावी लागली! तीन हजार मीटरच्या खुणेपाशी जो अमेरिकन धावपटू दुसरा होता, तो त्या ज्यादा फेरीत मागे पडून तिसरा आला. अंतर बदलले, धावमार्ग बदलला, बूट बदलले. पाणी मात्र राहिले. ज्या अर्थी ते राहिले, त्या अर्थी त्याचा काही उपयोग असला पाहिजे.

तो उपयोग समजण्यासाठी या शर्यतीची रचना नीट पाहू. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत प्रारंभीचे काही अंतर अडथळ्यांवाचून धावावयाचे असते. त्यानंतर सात पूर्ण फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत पाच अडथळे येतात. त्यांपैकी चार कोरडे व एक पाण्याचा. म्हणजे एकंदर पस्तीस वेळा अडथळा ओलांडावा लागतो. अठ्ठावीस वेळा कोरडा आणि सात वेळा पाण्याचा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते, तर स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर. हे अडथळे जवळच्या अंतराच्या शर्यतीतील हलक्या अडथळ्यांसारखे नसतात. त्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा पडतो व धावपटू पुढे जातो. येथे अडथळ्याची वरची तुळईच मुळी साडेबारा सेंटिमीटरांहून अधिक जाड असते आणि सबंध अडथळा ऐंशी ते शंभर किलोग्रॅम वजनाचा असतो. त्याला धडकले, तर तो हलत नाही. धडकणारा मात्र पडतो.

पाण्याच्या अडथळ्यापुढील खड्डा अडथळ्यासह ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट लांब असतो आणि त्यातील पाणी धावमार्गाच्या पातळीइतके भरलेले असते. या खड्ड्याच्या तळाकडे लक्ष द्या, कारण सारे मर्म त्यातच आहे. हा तळ सपाट नसतो. अडथळ्याच्या पायथ्याशी पाणी सर्वांत खोल असते. पूर्वी ही खोली सुमारे सत्तर सेंटिमीटर ठेवीत. अलीकडच्या नियमाप्रमाणे ती सुमारे पन्नास सेंटिमीटर असते. तेथून तळ हळूहळू चढत जातो आणि पलीकडच्या टोकाशी तो धावमार्गास येऊन मिळतो. याचा अर्थ असा, की ज्याची उडी आखूड पडते, तो खोल पाण्यात उतरतो. पाणी त्याचे पाय धरून ठेवते, त्याचा वेग मोडतो आणि उतार चढून त्यास वर यावे लागते. ज्याची उडी लांब जाते, त्याचा पाय पलीकडच्या काठाशी उथळ पाण्यात पडतो आणि दुसऱ्याच पावलाला तो कोरड्या मार्गावर असतो. येथे पंचाला कोणास गुण द्यावे लागत नाहीत किंवा कोणाचे गुण कापावे लागत नाहीत. ज्याच्या त्याच्या उडीचे माप ते पाणीच ज्याच्या त्याच्या पदरात घालते.

मग सर्वांत लांब उडी घेऊन सारे पाणीच ओलांडून जावे, हे उत्तम नव्हे काय? हे अशक्य नाही. १९६८ मध्ये मेक्सिको शहरी भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत केनियाचा अमोस बिवोट हा तरुण पाण्याचा सबंध खड्डा झेपेत ओलांडून कोरड्या मार्गावर उतरे. प्रेक्षक ते पाहून थक्क झाले. त्याने सुवर्णपदकही मिळविले. परंतु त्याची ती रीत पुढे सर्वांनी उचलली नाही, आणि त्यास कारण आहे. पाणी एकदा ओलांडावयाचे असते, तर प्रत्येक चपळ मनुष्याने तशी झेप घेतली असती. ते सात वेळा ओलांडावयाचे असते, आणि तेही धावून धावून छाती भरून आलेली असताना. प्रत्येक मोठी झेप शरीराची थोडी शिल्लक खर्च करते. ज्याने पहिल्या चार फेऱ्यांत सारी शिल्लक उधळली, त्याला शेवटच्या तीन फेऱ्यांत उसने कोण देणार? यास्तव बहुतेक जाणते धावपटू मधला मार्ग पत्करतात. ते अडथळ्याकडे येताना वेग किंचित वाढवितात, तुळईवर एक पाय ठेवतात, शरीर उंच न उचलता पुढे झुकवून त्या पायाने जोराचा रेटा देतात आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात एका पायावर उतरून लगेच पुढे निघतात. एक पाय भिजतो, हे त्यांना मान्य असते. किती भिजावयाचे, हे मात्र ते स्वतः ठरवितात.

आता उमरोळीच्या मुलाच्या प्रश्नाचे दुसरे आणि खरे उत्तर आपल्या हाती आले. लांब पल्ल्याच्या साध्या शर्यतीत धावपटूस एक लय सापडते. श्वास आणि पावले यांचा मेळ जमला, म्हणजे पाय आपोआप चालू लागतात. पाण्याचा अडथळा ही लय प्रत्येक फेरीत एकदा मोडतो. थकलेल्या, घामाघूम झालेल्या मनुष्यास तो पुन्हा जागे करतो आणि विचारतो, “किती अंतर उरले? कोणता पाय पुढे येणार? शेजारी कोण आहे? अंगात बळ किती आहे?” या चारही प्रश्नांची उत्तरे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत द्यावी लागतात. पाय कितीही वेगवान असले, तरी त्यांच्या जोडीला नजर, अदमास आणि संयम नसेल, तर मनुष्य पाण्याच्या मध्यभागी उतरतो. हे गुण पारखून घेण्यासाठीच ते पाणी तेथे ठेवलेले आहे.

या अडथळ्याचा नियमही मोठा उद्बोधक आहे. धावपटूने पाण्यावरून जावे किंवा पाण्यातून जावे. दोन्हींस मुभा आहे. अडथळ्यावर पाय ठेवला तरी चालतो, हात टेकला तरी चालतो. कोणी पडला आणि पुन्हा उठून धावू लागला, तर त्यालाही कोणी शर्यतीबाहेर काढीत नाही. एक गोष्ट मात्र चालत नाही. खड्ड्याच्या बाजूने, कोरड्या कडेवरून, पाणी चुकवून जाता येत नाही. जो तसे करील, तो शर्यतीतून बाद होतो. भिजणे हा येथे दोष नाही, पडणे हाही दोष नाही. चुकवून जाणे हा मात्र दोष आहे.

हे वाचून कोणास वाटेल, की ज्या मुलखात पाऊस भरपूर, ओढेनाले भरपूर, तेथेच या शर्यतीतील निष्णात धावपटू निपजत असतील. महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास मात्र भलतेच दृश्य दिसते. या शर्यतीत ज्यांनी महाराष्ट्राचे नाव जगभर नेले, ते दोघेही धावपटू पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या दुष्काळी तालुक्यांतील आहेत.

त्यांतील पहिल्या ललिता बाबर. त्यांचा जन्म १९८९ मध्ये सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही या गावी झाला. माण हा पर्जन्यछायेचा, कायम टंचाईचा तालुका. ललिता बाबर प्रथम लांब पल्ल्याच्या शर्यती धावत असत. मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत भारतीय स्त्रियांत त्यांनी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळविला. त्यानंतर त्यांनी अडथळ्यांच्या शर्यतीकडे आपले सारे लक्ष वळविले. स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिक सामन्यांत फार उशिरा, २००८ साली बीजिंग येथे प्रथम आली. त्यानंतर आठच वर्षांनी, २०१६ मध्ये, रिओ येथील प्राथमिक फेरीत ललिता बाबर यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत अंतर तोडून नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्या अंतिम शर्यतीस पात्र ठरल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अंतिम शर्यत गाठल्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत उतरण्याचा मान बत्तीस वर्षांनी एका भारतीय स्त्रीला मिळत होता. ती शर्यत १५ ऑगस्ट रोजी, स्वातंत्र्यदिनी झाली. तीत त्यांचा दहावा क्रमांक आला. पदक मिळाले नाही. पण मोहीच्या माळावरून निघालेल्या पावलांनी जगातील पहिल्या दहा जणींत स्थान मिळविले. त्यांचा राष्ट्रीय विक्रम पुढे २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी मागे टाकला. विक्रम मागे टाकले जावेत, यातच विक्रमांचे सार्थक असते.

दुसरे अविनाश साबळे. त्यांचा जन्म १९९४ मध्ये बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी एका गरीब कुटुंबात झाला. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाही. म्हणून लहानपणी ते शाळेस चालत वा धावत जात आणि तसेच परत येत. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी पहारा केला. धावण्याच्या शर्यतींकडे ते वळले ते सैन्यात आल्यानंतर, आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून त्यांनी अडथळ्यांची शर्यत हाती घेतली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, भुवनेश्वर येथे त्यांनी गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर ते आपलेच विक्रम पुन्हा पुन्हा मोडीत गेले, आणि २०२४ मध्ये पॅरिस येथील एका शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद एवढी वेळ नोंदविली. सहा वर्षांत वीस सेकंदांहून अधिक फरक पडला. हा फरक पस्तीस अडथळ्यांवर वाटला, तर प्रत्येक अडथळ्यामागे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक येतो. एवढ्याशा काळासाठी त्यांनी किती उन्हे अंगावर घेतली असतील!

या वाटचालीत अडथळे केवळ लाकडाचे नव्हते. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसरे धावपटू वाटेत पडल्याने त्यांचा मार्ग अडला आणि ते मागे राहिले. भारताने दाद मागितली. ती मान्य झाली व त्यांना अंतिम शर्यतीत घेण्यात आले; तेथे त्यांनी नवा राष्ट्रीय विक्रम केला. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत राष्ट्रीय विक्रम करूनही त्यांना अंतिम शर्यत गाठता आली नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत मात्र त्यांनी केनियाच्या धावपटूंना अखेरपर्यंत झुंज दिली. त्याआधी १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुल सामन्यात या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती. त्या रांगेत अविनाश साबळे यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक त्यांच्यापासून अवघ्या पाच शतांश सेकंदाने दूर राहिले. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, हांगचौ येथील आशियाई सामन्यांत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

आणि तरीही पाणी कोणाचीच भीड धरीत नाही. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत याच कसलेल्या धावपटूचा पाण्याच्या अडथळ्यापाशी तोल गेला. त्यांच्या गुडघ्यास मोठी दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ज्याने हजारो वेळा ते पाणी ओलांडले, त्यालाही ते पुन्हा एकदा नव्याने ओलांडावे लागते. कालची उडी आजच्या उपयोगी पडत नाही. विद्या, कला आणि श्रम यांच्या प्रांतातही असेच असते. तेथे मागील पुण्याईवर फार काळ भागत नाही.

दुष्काळी मुलखातील या दोघांनी पाण्यावरची उडी कोठे शिकली असेल? ती काही भरल्या ओढ्यांनी शिकविली नाही. दूरची शाळा आणि हाती असलेले थोडे पुरवून वापरण्याची सवय यांची शिकवण त्यांच्या पायांत आधीच मुरलेली असावी. जपून खर्च करणे, अंतराचा अदमास घेणे, अडचण समोर आली की तिला वळसा न घालता पाय रोवून पुढे जाणे, हे सारे त्या जीवनात पदोपदी करावे लागते. क्रीडांगणातील खड्डा त्यांना नवा होता. पण तो जे विचारीत होता, ते प्रश्न मात्र जुन्या ओळखीचे होते.

उमरोळीच्या वाटेवर पुन्हा पाऊस येईल. पुन्हा चर भरेल, पुन्हा मुले ओहोळाच्या काठाशी थबकतील. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. क्रीडांगणातील खड्ड्याचा तळ मापलेला असतो आणि त्यावर पायास इजा होऊ नये म्हणून मऊ थर घातलेला असतो. पावसाळ्यातील ओढ्याच्या तळाची हमी कोणी दिलेली नसते. पाणी गढूळ असेल, त्यास ओढ असेल, तर मागे फिरून पुलाची वाट धरणे किंवा मोठ्या माणसाची वाट पाहणे हाच खरा अदमास होय. किती बळ खर्चावे हे ज्याप्रमाणे शहाण्यास कळते, त्याप्रमाणे कोठे उडी घेऊ नये हेही त्यास कळले पाहिजे.

पण पाणी उथळ असेल आणि पलीकडचा काठ स्वच्छ दिसत असेल, तर चार पावले मागे सरावे, नजर काठावर ठेवावी आणि निःशंकपणे धावावे. पाय थोडा भिजेल. भिजू द्यावा. पलीकडे वाट आहे, आणि वाटेच्या शेवटी शाळा आहे.

अभ्यास

१. ‘स्टीपलचेस’ हे नाव या शर्यतीस कसे पडले, ते थोडक्यात सांगा.
२. पाण्याच्या खड्ड्याचा तळ सपाट न ठेवता उतरता का ठेवतात?
३. सबंध खड्डा एका झेपेत ओलांडण्याची रीत बहुतेक धावपटू का पत्करीत नाहीत?
४. ‘भिजणे हा येथे दोष नाही, पडणे हाही दोष नाही, चुकवून जाणे हा मात्र दोष आहे.’ या वाक्याचा तुमच्या नित्याच्या जीवनास लागू पडणारा अर्थ आठ-दहा ओळींत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोग स्वतःच्या वाक्यांत योजा : डोळे निववणे, अदमास घेणे, भीड न धरणे, आभाळाकडे डोळे लावून बसणे.
६. तुमच्या गावच्या शाळेच्या वाटेवर पावसाळ्यात कोणते अडथळे येतात आणि तुम्ही ते कसे ओलांडता, याचे वर्णन करा.